पाचव्या दिवसाचा जीव

बाई, तुम्ही गेल्याला वीस वर्षं होत आली. तरी आज तुम्हालाच लिहिते आहे, कारण अकरा दिवसांपूर्वी यवतमाळच्या दवाखान्यात जे पाहिलं, ते सांगावं असं दुसरं माणूस मला सुचत नाही. याआधी तीन वेळा माझ्या पोटात गर्भ ठेवले आणि तिन्ही वेळा ते टिकले नाहीत. दरवेळी तीनच दिवसांचे झाले की दोन-दोन ठेवायचे. एकापेक्षा दोन बरे, असं मलाही वाटायचं. या खेपेला डॉक्टरीणबाईंनी सारंच बदललं. प्रयोगशाळेत गर्भ पाच दिवस वाढू दिले, मग गोठवले, माझ्या गर्भाशयाचं अस्तर नीट तयार होईपर्यंत थांबल्या आणि म्हणाल्या, "एकच ठेवू. हमी नाही देत मी, पण ह्याले रुजायले जागा तरी बरोबर भेटन."

ठेवण्याआधी तो त्यांनी मला पडद्यावर दाखवला. बाई, मी पडल्या पडल्या रडले हो. गोल, काचेसारखा स्वच्छ, आत एका कडेला पेशींचा पुंजका. "सकाळी आकसला होता, आता पाहा कसा फुलून राह्यला," प्रयोगशाळेतली मुलगी म्हणाली. इतके दिवस गोठलेला, आणि जरा ऊब मिळताच पुन्हा कामाला लागलेला! मग तो नळीतून आत गेला आणि सोनोग्राफीच्या काळोखात एक पांढरा ठिपका चमकला. तो ठिपका म्हणे त्याच्यासोबतच्या थेंबाचा असतो. असेना का, मी हात जोडले.

आणि मनानं मी थेट मारेगावच्या शाळेत, तुमच्या वर्गात. तुम्ही खुडूक कोंबडीखालचं अंडं पदरात गुंडाळून आणलं आहे. खिडक्या लावून घेता, अंड्यामागे बॅटरी धरता. आत लाल धाग्यांचं जाळं आणि मधे उडणारा एक कण. मी किंचाळते आणि तुम्ही खेकसता, "वरडू नको वं! पाय नाही, डोळा नाही, तरी कामाले लागलं हाय. त्याच्यापुढं आपण गप राहावं." त्या दिवशी दवाखान्यात मी गप राहिले.

तुम्हाला मूल नव्हतं, हे गावाला तुमच्या शिकवण्यापेक्षा जास्त ठाऊक होतं. माझ्या धाकट्या भावाच्या बारशाला तुम्ही स्वतः शिवलेलं झबलं घेऊन आलात. आई मला आत ओढून म्हणाली, "बाईले म्हणावं, पाळणा झाला. घुगऱ्या दे अन् धाडून दे." आत बायका अजून 'गोविंद घ्या, गोपाळ घ्या' करत बाळ पाळण्याखालून देत-घेत होत्या; दारात सगळं ऐकू येत होतं. तरी मी म्हणाले, "पाळणा झाला, बाई." तुम्ही घुगऱ्या घेतल्या, "छान शिजल्या," म्हणालात आणि झबलं माझ्या हाती देऊन गेलात. दुसऱ्या दिवशी वर्गात मला नेहमीसारखंच पुढं बसवलंत. तेव्हा मला लाज वाटली नव्हती. गेल्या वर्षी जावेच्या बाळाच्या बारशाला माझ्याही हातावर दारातच घुगऱ्या ठेवल्या, तेव्हा वाटली.

उद्या रक्त तपासायचं आहे. रुजलं की नाही, ते कळेल. हे पत्र धाडायचं तरी कुठं? वहीतच राहील. मला फक्त मूल हवं आहे, असं मी सगळ्यांना सांगते. पण तुमच्याशी एकदा खोटं बोलले तेवढं पुरे. उद्या होकार आला, तर माझ्या मनात पहिलं हेच येईल, की आता मला पाळण्याजवळ बोलावतील.