वानेच्या डोहाचे नाव

४ नोव्हेंबर १९३१
जळगावहून बैलगाडीने ऊन असतानाच नदीकाठच्या जंगल बंगल्यावर पोहोचलो. हवा सुरेख आहे. वाटेत तुरी फुललेल्या. कापडावर डकवलेला वान नदीचा जुना नकाशा टेबलावर पसरला. डोंगर तपकिरी रेघांचे, नदी निळी. नवी छपाई व्हायची आहे, म्हणून गावकऱ्यांना विचारून त्यावर नावे भरायची, हे माझे काम. मी ते मागून घेतले. धाकटा भाऊ अर्जुन जमीनमोजणीची साखळी ओढायचा. गेल्या उन्हाळ्यात इथल्या डोहात गेला. प्रेत मिळाले नाही. आम्ही दर्भाचा पुतळा जाळला. आई अजून त्याचे ताट वाढते. नकाशात त्या डोहाला नाव नाही.

६ नोव्हेंबर
स्वयंपाकाला अन्नपूर्णाबाई येतात. त्या सांगतात, लोक आता त्याला अर्जुनचा डोह म्हणतात. शेवटी जो बुडाला, त्याचे नाव. पुढचा गेला की आधीचा सुटतो. मी ते नाव नकाशावर लिहिणार म्हणताच पळी आपटून म्हणाल्या, "माह्या भाकरीले नावं ठेवता तं ठेवा, भाऊ. पन डोहाचं नाव लेहू नका. कागदावर बांधलं तं पोरगा सुटन कसा?" कित्येक महिन्यांनी हसलो.

७ नोव्हेंबर
नाव शाईने लिहिले. अक्षर चांगले आले. दुसरे कोणी बुडून अर्जुनचे नाव जावे, हे मला नको आहे.

९ नोव्हेंबर
नकाशा त्या नावाच्या तेवढ्याच जागी ओला. दिवसभर उन्हात ठेवला, वाळत नाही. अन्नपूर्णाबाईंनी पाहिला, तोंडाला पदर लावला आणि चूल तशीच टाकून गेल्या.

१० नोव्हेंबर
त्या आल्या नाहीत. भर दुपारी पाण्याकडून साखळीचा आवाज. मग हाक. अर्जुनने घरी सांगितले होते— पुढचा गडी साखळी ताणून हाक देतो. मागच्याने 'हाव', म्हणजे होय, म्हटल्याशिवाय त्याला जागा सोडता येत नाही. आवाज त्याचाच आहे.

११ नोव्हेंबर
नाव चाकूने खरवडले. कागद फाटला. भोकातून पाणी झिरपते— हाक थांबत नाही. त्याचा घसा बसला आहे.

१२ नोव्हेंबर
वही घेऊन डोहावर. साखळीचे टोक वाळूत आले आहे. मागे धरणारा कोणी नाही. अन्नपूर्णाबाई म्हणाल्या होत्या, पुढचा गेला की—
आईला कळवा, त्याचे ताट आता—
मी 'हाव' म्हटले. हाक थांबली. टोक उचलले. पलीकडून ताण—