करडईनं बोलावलेले ढालकिडे

मंगळवार, पौष

आज फवारणीचा पंप दादाच्या पाठीवरून ओढला आणि बांधावर आपटला. हाताला अजून औषधाचा वास येतोय. औषध कसलं, विषच ते.

करडईवर मावा पडलाय, कबूल. पण मावा रस प्यायला लागला की करडई वेगळाच वास सोडते आणि त्या वासावर ढालकिडे, ते काळ्या ठिपक्यांचे लाल भुंगे, मावा खायला येतात. सकाळीच पाहिलं, त्यांच्या काळ्या अळ्या माव्याला जिवंत फाडून खात होत्या. दादाला दाखवलं तर म्हणे, "आळी हाय ती, पीकच खाणार की! गप बस." तोवर निम्मं रान फवारून झालं होतं. ढालकिडे उताणे पडून पाय झाडत होते. मी दादालाच मारलं असतं का? बहुतेक हो.

तीनदा साबण लावला, वास जात नाही. आणि तिकडं फवारलेली करडई अजून त्यांना बोलावतच असेल. उद्याही येतील ते, मरायला.