१९२९ची बाटली आणि गिरधरची अढी

बुधवार, १२ जानेवारी १९४९
लीलाधरचं पत्र आलं. थेट लंडनहून! वीस वर्षांनी येतोय. ६ फेब्रुवारीला, रविवारी, मुंबईहून दिल्लीला जाताना एक दिवस बुऱ्हाणपूरला उतरणार. एकच जाड कागद, इंग्रजी टाइप, वर छापलेलं नाव, पुढे बार-अ‍ॅट-लॉ. शेवटी लिहितो, तुझ्या त्या जुन्या वाइनच्या साठ्याचं दर्शन घ्यायची फार उत्सुकता आहे.
साठा म्हणजे काय, तर शेहेचाळीस साली मी एका पत्रात लिहून गेलो होतो, की घरी काही जुन्या युरोपियन बाटल्या राखून ठेवल्या आहेत. तिकडच्या माणसाला इकडून लिहिणार तरी काय? यंदा केळी बरी आहेत? ते खोटं नव्हतं. फक्त बाटल्या यायच्या राहिल्या होत्या.
पत्र आजच फ्रेम करायला टाकलं.

शुक्रवार, १४ जानेवारी. संक्रांत
सुनंदाला बेत सांगितला. म्हणाली, भावजींना काय आवडतं ते एकदा विचारा तरी. मी म्हटलं, इंटरनॅशनल विषय आहे. ती म्हणाली, मास्तरकीत दारू कुठे बसते? मी म्हटलं, ही दारू नव्हे, कल्चर आहे. तिने तिळगूळ हातावर ठेवला आणि गोड बोला म्हणाली. वाद तिथेच मिटला.

रविवार, १६ जानेवारी
मोहीम फत्ते! चांदनीला एक म्हातारा खानसामा राहतो. त्याचं छोटं संस्थान विलीन झालं, महाराज पुण्याला गेले आणि पगाराच्या बदल्यात याच्या वाट्याला सहा बाटल्या आल्या. फ्रेंच आहेत. नाव वाचता येत नाही, साल मात्र स्वच्छ: १९२९. लीलाधर बोटीत चढला तेच साल!
खानसाम्याला बाटल्यांऐवजी सायकल हवी होती. दिली. जाताना सायकलवर गेलो, येताना रेल्वेने आलो. शाळा दीड मैल. चालणं प्रकृतीला उत्तमच.
खानसामा म्हणाला, साहब लोग पच्चीस साल रखते थे, अंधेरे में, लिटाके. म्हणजे आपली वाइन अजून पाच वर्षं कच्ची आहे. हाताशी दिवस एकवीस. विचार करावा लागेल.

मंगळवार, १८ जानेवारी. सकाळी
खानसाम्याने शिकवल्याप्रमाणे चहावर सराव. पेला फिरवणे, वास घेणे, घोट तोंडात घोळवणे, थुंकणे. नेमका सुनंदाच्या कोथिंबिरीवर थुंकलो. चहा बंद.
सायन्सचा सुधाकर लॅबमधले चार बीकर द्यायला तयार. अट एकच, त्यालाही बोलवायचं.

रविवार, २३ जानेवारी
युरेका! निंबोल्याला गिरधरकडे गेलो होतो. गिरधर, लीलाधर आणि मी, इथल्या नदीच्या राजघाटावर पोहायला शिकलो ते एकत्रच. त्याची अढीची खोली पाहिली. केळीचे घड पाल्यात आडवे घालतात, दार लिंपतात, गोवऱ्यांचा धूर देतात. अंधारात, आडवे! झाडावर जे महिन्यात होतं ते इथे चार दिवसांत. मग पाच वर्षांना किती? हिशेब केला, दोनशे चाळीस दिवस आले. धूर थोडा वाढवावा लागेल.
गिरधर म्हणे, "मास्तर, केळी पिकते हे मले माहीत आहे. बाटली पिकते का, हे कोन पाह्यलं?" शेतकऱ्याची दृष्टी मर्यादित असते. सहाही बाटल्या घडांच्या मधे निजवून आलो.

शनिवार, २९ जानेवारी
टेस्टिंगच्या वेळी काय बोलायचं ते लिहून पाठ केलं: "आधी मध, मग जुनं लाकूड, आणि शेवटी जिभेवर रेंगाळणारी लहानपणची आठवण." सुनंदा म्हणाली, चव घ्यायच्या आधीच? तयारी हीच मास्तराची ताकद. फ्रेम तयार होऊन आली. बैठकीत लावली. भारदस्त दिसते.

बुधवार, २ फेब्रुवारी
गिरधरचा निरोप: दोन बुचं उडाली. एक छताला लागलं, एक त्याच्या आईला, भागाबाईंना. इजा नाही, पण त्या शिव्या देताहेत. वाइन जिवंत असल्याची ही खूण आहे. धूर चालू ठेव म्हणून कळवलं.

शनिवार, ५ फेब्रुवारी
बाटल्या आणल्या. तीनच. तिसरी एका घडावर सांडली म्हणून गिरधरने तो घडही सोबत दिला, "तुमचाच माल आहे" म्हणून. बाटल्यांना धुराचा वास येतो. परिपक्वता!
झोप नाही. लीलाधरला मी लहान वाटता कामा नये. बाकी काही नको.

रविवार, ६ फेब्रुवारी. गाडी गेल्यावर
लिहावंसं वाटत नाही. लिहितो.
लीलाधर दुपारी आला. टक्कल पडलंय. मिठी मारली, फ्रेमकडे पाहून हसला. सुधाकर, गिरधर, मी, तो. चार बीकर. ओतली. रंग विटेसारखा. मी फिरवली, वास घेतला, डोळ्यांतून पाणी आलं. तरी घोट घेतला आणि पाठ केलेलं वाक्य सुरू केलं. "आधी मध" इथेच ठसका लागला. सुधाकर म्हणाला, अ‍ॅसेटिक अ‍ॅसिड, म्हणजे व्हिनेगर, शंकाच नको. गिरधर म्हणे, "माय लोणचं घालीन याच्यात."
लीलाधरने बीकर नुसता नाकाशी नेला आणि हळूच खाली ठेवला. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. मग त्याचं लक्ष कोपऱ्यातल्या घडाकडे गेलं. एक केळं सोललं. डोळे मिटले. म्हणाला, "अरे, मधासारखं! आणि अढीच्या दाराचा तो लाकडाचा वास! पोहून आलो की भागाबाई द्यायच्या, आठवतं?" माझं आख्खं वाक्य त्याने केळ्यावर खर्च केलं! सात केळी खाल्ली. मग आम्हा तिघांना घेऊन राजघाटावर गेला, पाण्यात पाय सोडून बसला आणि गाडीच्या वेळेपर्यंत उठायचं नाव नाही.
फलाटावर माझा खांदा धरून म्हणाला, मागच्या बाजूला लिहिलं होतं ना रे तुला? मी म्हटलं, हो हो, अर्थात.

सोमवार, ७ फेब्रुवारी
सकाळी चार खिळे काढून फ्रेम उघडली. पत्राच्या पाठीवर शाईने, मराठीत, त्याच्या जुन्या वाकड्या अक्षरात:
"विन्या, साठ्याचं थट्टेने लिहिलं. डॉक्टरांनी सगळं बंद केलंय, आणि खरं सांगू, मला ती कधी आवडलीच नाही. वीस वर्षं शिष्टाचार म्हणून प्यालो. गिरधरच्या घरची केळी असू देत आणि राजघाटावर तासभर बसू. बाकी काही करू नकोस. तुला भेटायला येतोय."
रडू आलं. ही वही कोणी वाचत नाही म्हणून लिहितो.
तसा यात दोष फ्रेमवाल्याचा. कागदाला दोन बाजू असतात हे त्याला कळायला हवं होतं. सुनंदाने पत्र उलटं करून फ्रेम पुन्हा लावली. उरलेल्या वाइनमध्ये मिरच्या घातल्या. चांगल्या लागतात.
शाळेत चालत गेलो. मस्टरवर लाल रेघ. हेडमास्तरांनी उशिराचं कारण विचारलं.
पत्र वाचायला उशीर झाला, असं सांगितलं.