एकोणीस तारखेची पिशी

जयगड,
१४ जुलै २०२५

अहो,

नमस्कार मागाहून. मी काही विचारलं की नेमकं तेव्हाच तुमचं नेटवर्क कसं जातं? म्हणून हे पत्र. रितेश सुट्टी संपवून बुधवारी परत निघतोय तुमच्या बोटीवर, त्याच्या हाती देते. चौथीपर्यंतचं अक्षर आहे, तरी पुरतं वाचा.

तेवीस वर्षं बोटीवर जेवण रांधता, घरी कधी चहाचं आधण ठेवलं नाहीत. आणि एकवीस वर्षांनी यंदा मेमध्ये घरी होतात, तर एकोणीस तारखेला सकाळीच माझी परात ओढलीत. मैद्यात खमीर, दही घातलंत, पीठ फुगेस्तोवर बाजूला बसून राहिलात, थापून तळलंत. हे काय? तर म्हणे पिशी, तुर्कस्तानात करतात. शिकवली कोणी? “बंदरातल्या एका बाईने.” एवढंच! सात घरी वाटून आलात, माझी एक ताटलीत ठेवलीत, स्वतः तुकडा खाल्ला नाहीत.

शेजारच्या यमुनाबाई दारात येऊन म्हणाल्या, “काय गो, मऊ होती हां! महिपतचा हात कोणीतरी नीट बसवलेला दिसतोय.” मी हसले. आतून पेटले. माझी पिशी कौलांवर भिरकावली. कावळ्याने लगेच उचलली.

काल रितेशला खोदून विचारलं, बाई कोण? “काकी, ऐंशीची म्हातारी आहे ती. गेलेल्या नवऱ्याच्या नावाने तळून शेजारी वाटते. तिकडची रीत आहे.”

बरं. पण तुम्ही कोणाच्या नावाने तळलीत? तुमच्या आईबापाचे वडे सर्वपित्रीला मी करते. आणखी कोण गेलंय तुमचं?

एकोणीस तारीख मी विसरलेली नाही. बाराव्या दिवशी बारसं होतं, आपली पोर अकराव्याला गेली. नाव राही ठेवणार होतो. एवढ्याशा जिवाचं श्राद्ध नसतं म्हणाले सगळे. तुम्ही मान हलवलीत आणि पंधरा दिवसांत बोट गाठलीत. एकवीस वर्षं तिचं नाव काढलं नाहीत.

ती पिशी तिची होती का? मग मला का नाही सांगितलंत? मी रागाने फेकली हो ती.

की दुसरंच कोणी आहे? असेल तर तेही लिहा.

नारळी पौर्णिमेच्या आत उत्तर पाहिजे. फोन नको. कागदावर लिहा, त्याचा फोटो पाठवा. नुसतं होय लिहिलंत तरी पुरे.

राहीची आई