वरून उघडणारं मशीन

मिश्कोल्त्स, मंगळवार

प्रिय बोटोंद,

तू पाठवलेलं वॉशिंग मशीन महिन्यापूर्वीच पोचलं. दुकानवाल्याने तुला फोटो पाठवला असेल. फोटोत ते छान दिसतं. मीही फोनवर छान आहे, छान आहे असंच म्हणत आले. आज खरं ते लिहिते, कारण फोनवर तू मला वाक्य पुरं करू देत नाहीस आणि कागदाला मीटिंग नसते.

आपलं जुनं मशीन तुझ्या बाबांनी आणलं होतं, बावीस वर्षं चाललं. ते बंद पडलं तेव्हा मी एवढंच म्हटलं होतं, की मला तसंच हवं. अरुंद, वरून उघडणारं. खुब्याचं ऑपरेशन झाल्यापासून मला वाकता येत नाही. उभ्याने कपडे टाकता येतात, उभ्याने काढता येतात. तू हसलास. "आई, आता वरून कोण कपडे टाकतं? समोरून उघडणारं घेऊ. पाणी कमी लागतं, कपडे विरत नाहीत, वर टॉवेल ठेवायला जागा होते." टॉवेलाला माझ्याकडे खिळा आहे. पण तू इतक्या हौसेने बोलत होतास की मी गप्प बसले. मुलगा आपल्यासाठी काहीतरी घेतोय म्हटल्यावर गप्प बसायची मला खोडच आहे.

माप घ्यायला कधी येतोस, असं मी विचारलं होतं. तुझ्या आवडीच्या पोगाचा, त्या खाऱ्या बिस्किटांसारख्या, भाजाव्यात म्हणून पीठ आणि चीजही आणून ठेवलं होतं. तू म्हणालास, "यायची काय गरज? रेकाच्या आईच्या बाथरूमचं माप घेतलंय. पॅनेलची घरं सगळीकडे सारखीच." खरंच आहे, एकाच कारखान्यातल्या भिंती, इकडे मिश्कोल्त्समध्ये आणि तिकडे तुमच्या ग्यॉरमध्ये. फक्त अर्धी घरं उलटी बांधलेली असतात, आरशात बघावं तशी. तुझ्या सासूबाईंचा टब उजवीकडे आहे, आपला डावीकडे. एकोणीस वर्षं तू त्या टबात आंघोळ केलीस. तो कुठल्या बाजूला आहे हे तुझ्या लक्षात राहू नये, याचं मला फार वाईट वाटलं.

मशीनचं दार डावीकडे उघडतं आणि टबाच्या कडेवर आपटून अर्ध्यातच अडतं. मी जमिनीवर बसायचे, फटीतून हात घालायचे आणि एकेक ओली चादर ओढून काढायचे. खालच्या मजल्यावरच्या इबोयाने एकदा पाहिलं. "एतेल्का मावशी, हे मशीन धुण्यासाठी घेतलंय की गाईचं बाळंतपण करायला?" आम्ही दोघी हसलो. तुला मात्र मी फक्त म्हटलं, की जरा जड जातंय. त्यावर तू जे बोललास ते मला पाठ झालंय. "साधं मशीन झेपत नसेल तर आई, आता वृद्धाश्रमाचा विचार करायला हवा. रेकाने दोन-तीन बघूनही ठेवलेत. घर भाड्याने देता येईल. भाडेकरूंना समोरून उघडणारंच मशीन लागतं." तेव्हा मला कळलं, मशीन कोणासाठी घेतलं होतं ते.

त्यानंतर मी तक्रार केली नाही. जमत नाही म्हटलं असतं तर तुम्ही माझी बॅगच भरली असती. आणि गेल्या महिन्याच्या शेवटच्या गुरुवारी, सकाळी दहाच्या सुमाराला, उठताना माझा पाय सरकला. मी टब आणि मशीन यांच्यामध्ये पडले. काही मोडलं नाही, पण उठता येईना. फोन एप्रनच्या खिशात होता. मी तुला फोन केला होता, आठवतं? तू म्हणालास, "मशीनचंच ना? पुस्तिका वाच, आई. मी कामात आहे." मी म्हटलं, काही नाही रे, सहज केला. जमिनीवरून बोलत होते मी, बोटोंद.

मग हाताशी कपडे घासायचा ब्रश होता, त्याच्या दांड्याने मी पाइपवर तीनदा ठोकलं. तू लहानपणी इबोयाकडे खेळायला गेलास की मी असंच तीनदा ठोकायचे आणि तू जेवायला वर यायचास. मला वाटलं, ती आता विसरली असेल. ती शाळेच्या स्वयंपाकघरात जायला निघाली होती, एक बूट घातलेला, एक हातात, तशीच धावत आली. मला उचललं, सूप करून दिलं, त्या दिवशी कामावर गेलीच नाही. दुसऱ्या दिवशी टेप घेऊन आली आणि भिंतीपासून टबापर्यंत आपलं माप घेतलं, आपल्याच घराचं. आता तिथे वरून उघडणारं मशीन आहे.

हे पत्र लिहायचं कारण वेगळं आहे. काल मी वकिलासमोर सही केली. आपल्याकडे होतो तोच करार, तुझ्या आत्यानेही केला होता. इबोया मला शेवटपर्यंत सांभाळेल, याच घरात, आणि माझ्यामागे घर तिचं होईल. तिने दोनदा नको म्हटलं, "बोटोंदला काय वाटेल, मावशी?" मी म्हटलं, त्याला मी कळवते. वकिलाचा कागद येईल, त्याआधी तुला माझ्याकडून कळावं, एवढं आईपण माझ्यात शिल्लक आहे. भेटायला ये, पोगाचा मिळतील. तुझं मशीन शुक्रवारी ट्रकने ग्यॉरला पाठवते आहे, तुझ्या सासूबाईंच्या पत्त्यावर. माप त्यांचंच आहे, नीट बसेल.

तुझीच,
आई