उंदराच्या नावावर

दिघोरी, मंगळवार, दिवेलागण

राजूने उन्हाळ्यासाठी गाडी मेकॅनिककडून तयार करून आणली होती. तेवढं पुरे होतं. मला का राहवलं नाही? काल कूलरमध्ये नवी खस, म्हणजे वाळ्याचं गवत, भरली, ती थोडी उरली. ओली करून गाडीच्या समोरच्या जाळीमागे कोंबली. हवा तिथूनच आत जाते, लेकरांना गारवा लागेल, असं वाटलं.

आज राजू सून-नातीला घेऊन निघाला, तर जवाहरनगरजवळ गाडी तापून बंद पडली. नात भर उन्हात रस्त्यावर ओकली. मेकॅनिकने जाळीमागून वाळलेल्या गवताचा बोळा काढला. त्यानेच हवा अडली होती.

घरी येऊन राजू म्हणाला, "बाबा, उंदरानं घर केलं होतं समोर."

"असंन," म्हटलं मी. का म्हटलं?

सून चहा देताना हळूच म्हणाली, "मामाजी, त्या उंदराले सांगा, खस कूलरमंदीच राहू दे."

तिला वासावरूनच कळलं असेल.

नात झोपली आहे. अंग अजून गरम आहे तिचं. राजूने बाजारातून पिंजरा आणला, म्हणाला, "बाबा, पोळीचा तुकडा लावून द्या न."

पिंजरा गाडीखाली ठेवला आहे. तुकडा मीच लावून दिला.