सळयांवर चार चर्च

वामांगा,
३ नोव्हेंबर

माझ्या सोराइदा,

तुझ्या दोन्ही गालांना, दुखऱ्या गुडघ्याला आणि त्या गुडघ्यावर चढून बसणाऱ्या नातवाला माझं भरपूर प्रेम. पित्ताची चौकशी मुद्दाम पहिल्याच ओळीत करते आहे, कारण मागच्या पत्रात ती शेवटी केली म्हणून तू तीन आठवडे रुसली होतीस. तर, पित्त कसं आहे? तुझा लेक निल्तन बरा आहे ना? सूनबाई बऱ्या आहेत ना? (त्या बऱ्याच असणार. तुझ्या वाट्याचं सोफ्यावरचं ऊन त्याच खातात.) इकडे मी धडधाकट आहे, मांजर धडधाकट आहे आणि शेजारची मेल्चोरा तर इतकी धडधाकट आहे की काय सांगू.

फोन न करता पत्र का, असं विचारशील. फोन केला की निल्तन तो स्पीकरवर टाकतो आणि मग आपण दोघी हवामानावर बोलत बसतो. हे पत्र तुझ्या एकटीसाठी आहे. जुलैत तू लिहिलं होतंस की डिसेंबरात ती मंडळी अरेकिपाला राहायला जाणार आणि तुला मात्र लिमातच, सिस्टर लोकांच्या वृद्धाश्रमात ठेवणार. ते वाचून मी चहाचा कप खाली ठेवला. अगं, शाळेची अकरा वर्षं आपण त्यांच्या हाताखाली काढली! मदर बेनिग्ना नखं तपासायला यायची तेव्हा तू माझ्या मागे लपायचीस, आणि आता अडुसष्टाव्या वर्षी पुन्हा रांगेत उभी राहून सूप घेणार? मी लगेच कळवलं की इकडे ये. त्यावर तुझं उत्तर आलं, 'येईन, पण तुझ्या बैठकीच्या खोलीत पाहुणी म्हणून नाही. मला स्वतःचं दार असलेली खोली हवी. आतून कडी लागेल अशी.' बरोबर आहे. सोफ्यावर चार वर्षं काढलेल्या बाईला कडीची किंमत मी काय सांगावी? पण माझ्याकडे झोपायची खोली एकच. तेव्हा मी ठरवलं, डिसेंबरच्या आत घराला आणखी एक खोली काढायची. पुढे जे जे घडलं ते त्या खोलीपायी घडलं, हे लक्षात ठेव आणि मला वेडी म्हणू नकोस.

आमच्याकडे 'पक्कं घरटं' नावाची बांधकाम कंपनी आहे. तिचे मालक एवारिस्तोसाहेब दर महिन्याला चार पानांचं एक पत्रक काढून बेकरीत ठेवतात. पाव घेतला की पत्रक हातात. पहिल्या पानावर बातम्या, म्हणजे कुणाचं घर पूर्ण झालं आणि त्या घरासमोर एवारिस्तोसाहेब कुणाशी हात मिळवत आहेत. चौथ्या पानावर घर सुधारण्याच्या कल्पना. सगळं घर चौथ्या पानावर चालवायचं असं मी ठरवलं. पहिली कल्पना होती, 'समोरच्या भिंतीला आरसा लावा, लहान स्वयंपाकघर दुप्पट होईल.' लावला. दुसऱ्या दिवशी हातात सूपचं पातेलं घेऊन वळले तर समोरून एक थकलेली बाई तसंच पातेलं घेऊन येताना दिसली. आपल्याला शिकवलंय तसं मी बाजूला होऊन तिला वाट दिली. तीही बाजूला झाली. मी पुन्हा दुसऱ्या बाजूला, तीही. सूप निवल्यावर मला उमगलं. दुसरी कल्पना होती, 'जाड भिंतीतून उजेड आत घ्या.' तेओफानेस मिस्त्रीला बोलावून मातीच्या सहा विटा काढायला लावल्या. उजेड आला नाही, मेल्चोरा आली. ती भिंत तिचीही आहे हे आम्हा दोघांच्याही लक्षात नव्हतं. पलीकडे ती जेवायला बसली होती. तिने घास गिळला आणि शांतपणे म्हणाली, "ओतिलिया, तुझ्या सूपला मीठ कमी आहे. वासावरून कळतं." त्या भोकाला आता लाकडी झडप लावली आहे, पण ती तिच्या बाजूने उघडते.

खोली मात्र होईना. मग सप्टेंबरच्या पत्रकात पहिल्याच पानावर स्पर्धा जाहीर झाली, 'आपल्या वस्तीतलं सर्वांत पूर्ण घर'. बक्षीस काय, तर कंपनीतर्फे एक नवी खोली बांधून मिळणार. भिंती, छप्पर, दार, खिडकी, सगळं. मी पत्रकाचा मुका घेतला (बेकरीवाल्यासमोर). मग नियम वाचला. नियम एकच होता. छपरावर लोखंडी सळया दिसता कामा नयेत, सळया हे अपूर्णतेचं लक्षण आहे.

माझ्या छपराच्या चारही कोपऱ्यांवर चार-चार सळया आहेत हे तुला माहीत आहेच. माझ्या आबेलार्दोने बावीस वर्षांपूर्वी स्लॅब टाकला तेव्हा वरच्या मजल्यासाठी खांबांच्या सळया हातभर बाहेर ठेवल्या आणि गंजू नयेत म्हणून टोकांवर सरबताच्या पिवळ्या बाटल्या उलट्या घातल्या. दर वर्षी सणाला वर जाऊन बाटल्या बदलायचा आणि खाली उतरून म्हणायचा, "पुढच्या वर्षी, ओती." तो गेल्यावर बाटल्या मी बदलते. मिस्त्रीला म्हटलं, "तेओफानेस, सळया कापून टाक." हे म्हणताना माझा आवाज कसा झाला ते मिस्त्रीलाही कळलं असावं, कारण त्याने टोपी काढली. मग म्हणाला, "कापतो बाई. पण कापल्यावर बक्षिसाची खोली कशावर उभी करू? माझ्या डोक्यावर?"

तर असा पेच. सळया ठेवल्या तर खोली मिळणार नाही आणि कापल्या तर मिळालेली खोली बांधता येणार नाही. अंगणात म्हणशील, तर अंगणात अंजिराचं झाड आहे आणि झाडावर मेल्चोराच्या कोंबड्या. दोन दिवस मी नुसती छपरं बघत हिंडले. आणि तिसऱ्या दिवशी सान्ता आना भागात एका छपरावर मला मातीचं चर्च दिसलं, किनुआ गावच्या कुंभारांचं, लाल-पांढरं, आपण लहानपणी ज्यांच्या दारांतून बोट घालून आत कुणी आहे का बघायचो तसं. घर पुरं झालं की छपराचा धर्मपिता, म्हणजे घरासाठी मानाने निवडलेला माणूस, ते वर ठेवतो. म्हणजे ज्या घरावर चर्च ते घर पूर्ण, हे कुणीही सांगेल. आणि सोराइदा, ती चर्च आतून पोकळ असतात!

किनुआला गेले आणि चार चर्च घेतली, प्रत्येक माझ्या कमरेएवढं. परतीच्या बसमध्ये दोन माझ्या मांडीवर, दोन शेजारच्या बाकावर. प्रत्येक थांब्यावर चढणारी माणसं आधी क्रूसाची खूण करत आणि मग बसायला जागा शोधत. एका आजोबांनी विचारलं, "बाई, बिशपांची बदली झाली का?" सळया अशा झाकणं हे खोटेपणाचं काम आहे हे मला कळत होतं, म्हणून आधीच कबुलीला गेले. फादरनी सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "पत्रक कोणत्या महिन्याचं?" त्यांच्याही घराची मागची बाजू अर्धी आहे.

तेओफानेसने चारही चर्च सळयांवर टोप्यांसारखी बसवली. बसली चपखल, फक्त घंटाघराच्या खिडक्यांतून पिवळ्या बाटल्या डोकावत राहिल्या. लोकांना वाटलं घंटा आहेत. "घंटासुद्धा!" म्हणून गल्ली हरखली. मेल्चोराने मात्र झडप उघडून सांगितलं, "वामांगात तेहेतीस चर्च होती, आता सदतीस झाली. एका घराला एक पुरतं, ओतिलिया. तुझी पापं चौपट आहेत का?"

निकालाच्या रविवारी प्रार्थनेनंतर एवारिस्तोसाहेब फोटोवाल्याला घेऊन आले. मी निळा झगा घातला होता, तोच, तुझ्या लग्नातला (दोन ठिकाणी सैल केलेला). साहेबांनी वर बघितलं, चष्मा पुसला, पुन्हा बघितलं. "पूर्ण," म्हणाले. "याहून पूर्ण घर मी पाहिलं नाही." माझ्या डोळ्यांसमोर तुझी कडी लागत होती. तेवढ्यात मेल्चोराने गल्लीच्या मधोमध उभं राहून विचारलं, "चर्च चढली, पण धर्मपिता कोण? धर्मपित्याशिवाय चर्च चढतंच कसं?" सगळे माझ्याकडे बघायला लागले. बरोबरच होतं तिचं. चर्च धर्मपित्याने आणायचं, धर्मपित्याने ठेवायचं. बाजारातून आपलं आपण आणून ठेवलेलं चर्च म्हणजे स्वतःच स्वतःला वाढदिवसाचं पत्र लिहिण्यासारखं.

माझ्या तोंडून कसं निघालं मला माहीत नाही. मदर बेनिग्नाने फळ्यासमोर उभं केलं की तुझ्या तोंडून निघायचं ना, तसं. मी म्हटलं, "धर्मपित्यांची वाट बघत होते. ते आत्ता आले." आणि एवारिस्तोसाहेबांना दंडाला धरलं. अख्ख्या गल्लीसमोर छपराचा धर्मपिता व्हायला नाही म्हणणारा माणूस आपल्याकडे जन्मलेला नाही. साहेबांचे कान लाल झाले, छाती पुढे आली. मक्याच्या दारूचा, चिचाचा, पहिला पेला त्यांनी प्यायला, थोडी धरतीला सांडली, मला मिठी मारली, आणि मी त्यांची कोमाद्रे झाले, ते माझे कोम्पाद्रे, म्हणजे धर्माचे सोयरेच. मला वाटलं जिंकलं.

पण साहेब शिडी मागायला लागले. "धर्मपित्याने चर्च स्वतःच्या हातांनी ठेवायला हवं, कोमाद्रे. रीत आहे." मी म्हटलं, "ठेवलेलंच आहे, कोम्पाद्रे. तुमची कंबर!" ते म्हणाले, "मी धर्मपिता की पाहुणा?" आणि चढले. मी खाली उभी राहून जपमाळेचे पाच मणी सरकवले तोवर त्यांनी पुढच्या कोपऱ्यातलं चर्च दोन्ही हातांनी उचललं, उंच, फोटोसाठी. खाली चार सळया आणि चार पिवळ्या बाटल्या उन्हात चमकत उभ्या. गल्ली तर ओशाळलीच, मेल्चोराच्या कोंबड्याही ओशाळल्या. साहेब चर्च छातीशी धरून म्हणाले, "कोमाद्रे, हे काय?"

मला खोटं सुचलं नाही, म्हणून खरं सांगितलं. "माझ्या नवऱ्याने ठेवल्यात. माझी मैत्रीण यायची आहे. खोली नसेल तर तिला वृद्धाश्रमात टाकतील."

आणि मग, सोराइदा, जी बाई वासावरून मीठ ओळखते तीच माझ्या मदतीला आली. मेल्चोरा कमरेवर हात ठेवून ओरडली, "एवारिस्तो! वर चढलाच आहेस तर जरा नाल्यापलीकडे बघ. तुझं घर दिसतंय का?" साहेबांनी मान वळवली. आम्ही सगळ्यांनी वळवली. नाल्यापलीकडे 'पक्कं घरटं'च्या मालकाचं तीन मजली घर उभं होतं आणि त्याच्या डोक्यावर सळयांचं रान. "छत्तीस," मेल्चोरा म्हणाली. "कपडे वाळत घालताना मोजल्यात. चौथा मजला कुणासाठी रे?"

साहेबांनी चर्चवरची धूळ बाहीने पुसली. मग हळूच म्हणाले, "धाकटीसाठी. इटलीत असते ती. म्हणते पुढच्या वर्षी येईन."

तेओफानेसने पुन्हा टोपी काढली. मग कुणीतरी म्हणालं, माझ्या तर मुलासाठी आहेत, कुणी म्हणालं बहिणीसाठी, आणि बघता बघता सगळी गल्ली आपापल्या छपराकडे बोट दाखवून सांगायला लागली की वर कोण राहायला येणार आहे. एकाही छपराला अपूर्ण म्हणायची कुणाची टाप नव्हती. साहेबांनी चर्च सळयांवर परत बसवलं, अगदी जपून, बाळाला टोपडं घालावं तसं, आणि वरूनच निकाल जाहीर केला. "कोमाद्रेला नापास केलं तर आई मला थडग्यातून उठून मारेल. बक्षीस याच घराला!" बँड नव्हता, म्हणून मेल्चोराने पातेलं वाजवलं. ऑक्टोबरच्या पत्रकात नियम बदलून आला आहे, 'सळया म्हणजे अपूर्णता नव्हे. सळया म्हणजे वाट बघणं.' (साहेब व्यवहारी आहेत. त्याच दुपारी आमच्या गल्लीतल्या सात घरांनी त्यांच्याकडे वरच्या मजल्याची नोंदणी केली.)

तर, बाई, खोली झाली! परवा रंग वाळला. विटांच्या भिंती, हिरवं दार, हिरवी खिडकी. आबेलार्दोच्या सळया त्या भिंतींच्या आत गेल्या. स्लॅब टाकला त्या दिवशी मी उरलेल्या बाटल्या धुऊन ठेवल्या आणि मग अंजिराखाली बसून मनसोक्त रडले, पण आनंदाने. आपण जिंकलो.

तुझी, बाकावर तुझ्या डावीकडे बसणारी,
ओतिलिया

ता. क. : एक लिहायचं राहिलं. बक्षिसात जिना नव्हता. विचारलं तर कोम्पाद्रे म्हणाले, जिना म्हणजे खोली नव्हे. तूर्त अकरा पायऱ्यांची लाकडी शिडी लावली आहे. ती तुझ्या गुडघ्यासाठी नाही. म्हणून मी वर राहायला गेले आणि खालची माझी खोली तुला रिकामी केली. अंगणात उघडणारं वेगळं दार आहे, आतून कडी आहे, कडीला तेल घातलं आहे. उपकार वगैरे समजू नकोस. वर ऊन फार छान येतं आणि खिडकीतून आपल्या शाळेचा मनोरा दिसतो.

ता. क. दुसरा : नव्या खोलीच्या छपराचं जेवण चोवीस नोव्हेंबरला आहे. डुकराचं मांस आणि लाल बटाट्यांची भाजी सांगून झाली. धर्मपिता ठरलेलेच आहेत, धर्ममाता म्हणून मी तुझं नाव दिलं आणि ते पत्रकात पहिल्या पानावर छापूनही आलं. धर्ममाता आली नाही तर जेवण होत नाही, हे तुला माहीत आहे. निल्तनला मी काही कळवलेलं नाही. तेवढं तू सांग, आणि स्पीकर बंद करून सांग.

ता. क. तिसरा : वृद्धाश्रमाबद्दल मी वर इतकं लिहिलं, पण खरं कारण ते नाही. एकटीचं माझं जेवण सात मिनिटांत संपतं, सोराइदा. मी घड्याळ लावून बघितलं आहे. ये.